लाचेचा भार कोणावर?

महोदय,

भ्रष्टाचार वाढतो तेथे उत्पन्नातील विषमता आणि दारिद्र्यही वाढते, हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी 1998 मध्येच अनेक देशांच्या आकडेवारीवरून मांडले होते. ते कसे घडते, हे पाहण्यासाठी आपल्या सीमाभागातील एखाद्या तहसील कचेरीच्या आवारात तासभर थांबले तरी पुरे.

भावाभावांत जमिनीची वाटणी करायची, तर हिश्शाचा 11ई नकाशा लागतो आणि मोजणीची तारीख काही केल्या मिळत नाही. खानापूरकडच्या एकरभर भातशेतीवाल्याला एजंट जो आकडा सांगतो, तोच चिक्कोडीकडच्या वीस एकर ऊसवाल्यालाही सांगतो. पहिल्याची त्यात हंगामाची शिल्लक जाते आणि सोसायटीचा हप्ता थकतो. दुसऱ्याला तो खर्च जाणवतही नाही, किंबहुना पुढाऱ्याचा एक फोन गेला की त्याचे काम फुकटच होते. प्राप्तिकर निदान मिळकत पाहून तरी आकारतात! त्यातच कागदपत्रे कन्नडमध्ये असल्याने, ज्याला ती वाचता येत नाहीत त्याला अर्ज का परत आला हेदेखील एजंटच सांगणार, आणि त्याचे पैसे वेगळे. विषमतेमुळे भ्रष्टाचार टिकतो, तोही असाच : ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली जाते, त्यांना तक्रार करण्याची वेळच येत नाही.

कायदे नाहीत असे नाही. कर्नाटकाच्या 2011 च्या ‘सकाल’ कायद्यानुसार मुदतीत सेवा न मिळाल्यास दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई मिळते. एवढ्या रकमेचा धाक कोणाला वाटणार? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील 2018 च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार केली तरच तो सुटतो. मोजणी अडकलेली असताना त्याच कचेरीविरुद्ध लोकायुक्तांकडे जाण्याची हिंमत अल्पभूधारकाने कोठून आणावी?

प्रत्येक कचेरीत प्रलंबित अर्जांची यादी तारखेच्या क्रमाने, कन्नडबरोबर मराठीतही लावावी आणि क्रम मोडल्यास त्याचे कारण अधिकाऱ्याच्या सहीनिशी तेथेच लिहावे, एवढी तरी सुधारणा जिल्हा प्रशासनाने करावी. त्यासाठी नवा कायदा किंवा वेगळा निधी लागणार नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक, खानापूर (जि. बेळगाव)