दरडीची नोटीस मिळाली, पण जायचं कुठे आणि कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की दरडप्रवण गावांची यादी पेपरात येते, तशी यंदाही आली. आमची वाडी महाड तालुक्यातली, डोंगराच्या अगदी पायथ्याला, आणि यादीत आमच्या गावाचं नाव आहे. यादी छापता ते चांगलंच करता, त्याबद्दल तक्रार नाही. पण यादीच्या पुढे माणसाने करायचं काय हे कोणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र लिहितोय.

आमच्याकडे होतं काय, तर जून महिन्यात घरोघरी नोटीस येते. अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण स्वतः जबाबदार राहाल, अशा अर्थाचा मजकूर असतो. खाली सही घेतात, म्हातारी माणसं अंगठा देतात, झालं. सुरक्षित स्थळ म्हणजे नक्की कुठलं, अतिवृष्टी म्हणजे किती पाऊस पडला की निघायचं, रात्री दोनला निघायची वेळ आली तर दार कोण उघडणार, यातलं एक अक्षर त्या कागदावर नसतं. कागद काढणाऱ्याची जबाबदारी सुटली एवढंच त्यातून कळतं.

तळिये आमच्याच तालुक्यातलं. 22 जुलै 2021 ला दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवसांत महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला होता आणि सावित्री तिथूनच उगम पावते, त्यामुळे खाली महाड शहर पाण्यात, रस्ते बंद, लाईट नाही, मोबाईलचे टॉवर बंद, आणि मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही त्याच वेळी दरडी आल्या. त्याआधी 2005 च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. म्हणजे सोळा वर्षांत एकाच तालुक्यात दोनदा हे झालं. यात मला दिसतं ते असं की पहिली रात्र तरी आपली आपणच काढायची असते. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती दलाची, माणसं जीव तोडून काम करतात, त्यांना नावं ठेवायला जागा नाही, पण रस्तेच बंद असतील तर ती वाडीपर्यंत पोचणार कशी?

आणि यादीचं म्हणाल तर खालापूरची इर्शाळवाडी यादीत नव्हती, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं. 19 जुलै 2023 ला रात्री लोक झोपायच्या वेळेला डोंगर आला. वर गाडीरस्ता नाही, जेसीबी चढेना, माणसांनी हातात कुदळ-फावडी घेऊन काम केलं. तेव्हा आपलं गाव यादीत नाही म्हणून निवांत बसलेल्यांनीही हे पत्र वाचावं.

आता आपल्या बाजूचं बोलतो. कोकणातल्या माणसाला पावसाची तयारी शिकवायला नको. मे महिन्यात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात, तांदूळ, मसाला, सुकट, जवळा, कांदे, चुलीसाठी लाकडं, घरावरची कौलं चाळून घेणं, गोठ्याला झाप बांधणं, हे सगळं न सांगता होतं. चार महिने घरात बसून खायची ही तयारी. पण घर सोडून निघायची तयारी कुणाच्याच घरात नाही, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की आगोटीच्या खरेदीतच तीही करून टाका.

कागदपत्रांचं बघा. रेशन कार्ड, आधार, सातबारा, घरपट्टीची पावती, बँकेचं पासबुक, पोरांचे दाखले, हे सगळं आमच्याकडे कपाटात, ट्रंकेत, देवघराच्या मागे आणि आजीच्या उशाखाली असं वाटलेलं असतं. पुरात किंवा दरडीत ते गेलं की मदतीचा अर्ज भरताना पहिल्यांदा तेच मागतात, मग माणूस तालुक्याला चकरा मारत बसतो. सगळं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधून दाराजवळच्या खुंटीला लटकवायचं, आणि सगळ्याचे फोटो काढून मुंबईला असलेल्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर टाकून ठेवायचे. पैसे लागत नाहीत, एका दुपारचं काम आहे. त्याच पिशवीत बीपी-शुगरच्या गोळ्या आठ दिवसांच्या, एक टॉर्च, आणि एक साधी शिट्टी. शिट्टीला आमच्याकडची पोरं हसली, पण टॉवर गेल्यावर आणि पाऊस पत्र्यावर आपटत असताना शेजारच्या घरात हाक जात नाही हे त्यांनाही माहितीय. स्मार्टफोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत मरते, म्हणून घरात एक बटणाचा फोन चार्ज करून ठेवला तर तो दोन-तीन दिवस तरी जातो. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर 1077, तो भिंतीवर खडूने लिहून ठेवा, फोनमधे सेव्ह करून उपयोग नाही कारण फोन कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही.

पावसाचं माप हा दुसरा विषय आणि मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. रेड अलर्ट येतो तो अख्ख्या रायगड जिल्ह्याला. पंधरा तालुके, उरणला ऊन असतं आणि आमच्याकडे ढगफुटीसारखा पडत असतो. पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या ठिकाणी असतो, तो खाली सपाटीला, डोंगरावर किती पडला ते त्याला काय कळणार. म्हणून आमच्या वाडीत दोन वर्षांपासून सरळ भिंतीचा एक पत्र्याचा डबा मोकळ्यावर ठेवतो, आत शाळेची पट्टी उभी धरायची आणि सकाळ-संध्याकाळ बघायचं. हवामान खातं 24 तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर गेला की अत्यंत जोरदार पाऊस म्हणतं, म्हणजे साधारण वीतभर पाणी. आम्ही वीत भरायची वाट बघत नाही. दोन-तीन दिवस झड लागलेली असेल आणि संध्याकाळी पाचच्या आत डब्यात अर्धी वीत झाली तर रात्र डोंगराखालच्या घरांत काढायची नाही, असं वाडीने बसून ठरवलंय. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, आमचा आम्ही केलाय, तज्ज्ञांनी येऊन तो चुकीचा आहे म्हटलं तर बदलू. पण काहीतरी ठरलेलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक जण शेजारी निघतोय का ते बघत बसतो आणि शेजारी आपल्याकडे बघत बसतो.

डोंगर तसा सांगतो, फक्त बघायला पाहिजे. वर कातळावर जाड माती असते, ती पाणी पिऊन पिऊन जड होते आणि खालच्या कातळावरून सुटते. त्याआधी जमिनीला भेगा जातात, नेहमीचा झरा अचानक गढूळ येतो किंवा कधी नव्हता तिथे पाणी फुटतं, झाडं आणि लाईटचे खांब कलतात, घराचं दार चौकटीत अडकायला लागतं. भर पावसात वहाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी एकदम कमी झालं तर ते सगळ्यात वाईट, वर कुठेतरी माती-झाडांनी अडलंय असं समजायचं आणि तिथून हलायचं. आणि पळताना वहाळाच्या उताराने खाली पळायचं नाही, मलबा त्याच वाटेने येतो, आडवं जाऊन उंचवट्यावर चढायचं. हे आमच्या पोरांना पाठ आहे, मोठ्यांना नाही.

आता लोक निघत का नाहीत, तर आळशी आहेत म्हणून नाही. मुंबईहून फोन येतात, आई निघ तिथून, पण आई निघणार कशी, गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाभण गाय आहे. जुलैमध्ये लावणीचे दिवस. गुरांना कुठे न्यायचं हे कुठल्याच नोटिशीत नसतं. निदान रात्री दावं सोडून ठेवा असं तरी कोणी सांगावं, मोकळं जनावर आपला जीव वाचवतं. अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत, त्यांना चिखलातून कोण उचलणार, त्या चार पोरांची नावं मे महिन्यातच ठरवायला लागतात कारण पावसात गावात पोरं उरलेलीच नसतात, सगळी कामाला बाहेर.

आणि सुरक्षित स्थळ म्हणजे आमच्याकडे शाळा. दोन खोल्या, एका खोलीचा कोपरा गळतो, संडासाला दार नाही, नळाला पाणी नाही. किल्ली असते गुरुजींकडे आणि गुरुजी राहतात वीस किलोमीटरवर. गुरुजींचा काही दोष नाही, त्यांना कोणी विचारलंच नाही. मागच्या पावसात एका रात्री पाच-सहा घरं तिकडे गेली तर कुलूप, शेवटी बायका-पोरं व्हरांड्यात भिजत बसली आणि पहाटे घरी परतली. पुढच्या वेळी ही माणसं निघतील का तुम्हीच सांगा. वरची माणसं मात्र म्हणणार, ग्रामस्थ सहकार्य करत नाहीत.

कायमचं पुनर्वसन हा मोठा विषय आहे, त्यावर तुमच्या पेपरात बरंच येतं, मी त्यात पडत नाही. ते होईल तेव्हा होईल, पाऊस दरवर्षी येतो.

म्हणून तुम्हाला विनंती अशी की पुढच्या वेळी दरडप्रवण गावांची यादी छापाल तेव्हा प्रत्येक गावापुढे आणखी दोन रकाने टाका. निवाऱ्याची जागा कुठली, आणि तिची किल्ली गावातल्या कोणत्या पदावरच्या माणसाकडे आहे. ज्या गावापुढे रकाना रिकामा राहील ते गाव आपोआप दिसेल आणि अधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागेल. ग्रामपंचायतींनाही सांगणं आहे, ग्रामसभेत या विषयाला पाच मिनिटं नको, अर्धा तास द्या, आणि शाळेच्या किल्लीची एक जोडकिल्ली मृग लागायच्या आत करून घ्या, महाडच्या बाजारात पन्नास-शंभर रुपयांत होते.

आपला,
एक वाचक, ता. महाड, जि. रायगड