मागाच्या पैशांबद्दल

मस्कत,
२० नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर पैशांचा विषय निघाला की बाबा ‘बघू’ म्हणतात आणि बोलणं तिथंच संपतं. म्हणून लिहायला बसले. आकडे कागदावर असले की तो कागद घेऊन पोस्टातही जाता येईल.

बाबा, माग आणि शेड विकून, सुताच्या व्यापाऱ्याची देणी फेडून, कराचे बाजूला काढून २२ लाख उरले. सोलापूरच्या भद्रावती पेठेत आयुष्यभर मागांचा खडखडाट सोसलात, त्याचे हे पैसे. ते सगळे पतसंस्थेत ठेवायचं तुमच्या मनात आहे, कारण तिथे ११ टक्के मिळतात आणि अध्यक्ष तुमचे शाळेपासूनचे मित्र. माझा काकांवर मुळीच अविश्वास नाही. आईच्या ऑपरेशनच्या वेळी मध्यरात्री तेच धावून आले होते, हे मी विसरणार नाही. पण माणूस चांगला असला म्हणजे ठेव सुरक्षित असते असं नाही. पतसंस्थेतून कर्ज कोण उचलतं? यंत्रमागवाले, शिलाईवाले, कांदा-द्राक्षवाले. एक हंगाम वाईट गेला की सगळ्यांचे हप्ते एकदमच थकतात. मग अध्यक्ष कितीही सज्जन असोत, तुमची ठेव परत द्यायला पैसा आणायचा कुठून?

बँकेचं असं झालं तर निदान विमा असतो. रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाकडून एका माणसाला एका बँकेमागे, सगळ्या शाखा धरून, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत पैसे मिळतात. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे, त्याआधी १ लाखच होती. सहकारी बँकांनाही हा विमा आहे, पतसंस्थांना नाही. दोन्हींच्या पाटीवर ‘सहकारी’ लिहिलेलं असतं, त्यामुळे भल्याभल्यांचा घोटाळा होतो. आपल्याच गावातल्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा ५ लाखांच्या आतल्या ठेवीदारांना या विम्याचाच आधार होता. आता साधा हिशेब बघा. पोस्टातल्या ज्येष्ठांच्या योजनेच्या ८.२ टक्क्यांपेक्षा पतसंस्थेत २२ लाखांवर वर्षाला ६१,६०० रुपये जास्त मिळतील. तेवढ्यासाठी सगळे २२ लाख पणाला लावायचे? आता पुन्हा माग घालून ते उभे करायचं वय नाही, बाबा.

मला वाटतं ते सांगते. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. ६० पूर्ण झालेल्या कोणालाही खातं उघडता येतं, त्यासाठी नोकरीतून निवृत्त झालेलं असावं लागत नाही. एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. सध्या दर ८.२ टक्के आहे, आणि ज्या दिवशी पैसे भराल त्या दिवशीचा दर पुढची पाच वर्षं बदलत नाही. व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं. बाबांच्या नावावर ८ लाख आणि आईच्या नावावर ९ लाख ठेवले, तर तिमाहीला दोघांचे मिळून ३४,८५० रुपये येतील, म्हणजे महिन्याला साधारण ११,६००. पैसे चेकनेच भरा.

आईच्या नावावर एक लाख जास्त, ते मी मुद्दाम लिहिलंय. आई, घर चाललं ते तुझ्या भिशीवर. माझी नर्सिंगची पहिली फी त्यातूनच गेली होती. आणि तुझ्या स्वतःच्या नावावर आजपर्यंत काय आहे? गॅसचं कनेक्शन! भिशी चालू ठेव, रक्कम लहान आहे, बायका ओळखीच्या आहेत आणि वर्षभरात हिशेब मिटतो. पण आता तुझं पासबुक हवं, आणि त्यावर सही तूच करायचीस.

उरलेल्या पाचांपैकी ३ लाखांची एका बँकेत मुदत ठेव करा. २ लाख दुसऱ्या बँकेत बचत खात्यात राहू देत, दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणालाही काढता येतील असे. ते दवाखान्यासाठी. पोस्टातली ठेव मुदतीआधी मोडली तर पैसे कापतात, म्हणून हे बाहेर हवेतच. वारसाचं नाव सगळीकडे लावा. याच महिन्यापासून बँकेतल्या ठेवीला चार जणांपर्यंत नावं लावता येतात, तेव्हा दादाचं आणि माझं, दोघांचंही लावा.

‘तुझ्याच नावावर ठेवतो’ असं बाबा म्हणाले होते. तसं नको. मी परदेशात राहते, त्यामुळे मला पोस्टाच्या या योजनेत पैसे ठेवताच येत नाहीत. आणि ठेवता आले असते तरी मी नकोच म्हटलं असतं. तुम्हाला औषधाला पैसे लागले तर ते मुलीकडे मागावे लागू नयेत.

मी दर महिन्याला पाठवते ते मात्र खर्च करा. ‘लेकीचे पैसे कशाला’ म्हणून ते तसेच साठवता, हे दादाने सांगितलं. इथे मस्कतच्या रुवी भागात पगाराच्या आठवड्यात पैसे पाठवायला केवढी रांग लागते. मी त्या रांगेत उभी राहते ती तुम्ही दूध, फळं, रिक्षा यात काटकसर करू नये म्हणून. लेकीने आईवडिलांना दिलेल्या पैशांवर करही लागत नाही.

आणखी एक. राजूदादाला रॅपियर (बिनधोट्याच्या नव्या) मागासाठी कर्ज हवंय आणि जामीन तुम्ही राहावं असं तो म्हणतोय. राहू नका. त्याने हप्ता भरला नाही तर बँक तुमच्याकडे तितक्याच हक्काने वसुली करू शकते. द्यायचेच असतील तर २५-३० हजार हातउसने द्या, बुडाले तरी चालतील अशा बेताने. नाही म्हणायला संकोच वाटत असेल तर माझं नाव सांगा. त्याने माझ्यावर राग धरला तर धरू दे.

पतसंस्थेत सोमवारी जायचं ठरलंय ना? त्याआधी शनिवारी दादाला सोबत घेऊन मोठ्या पोस्टात जाऊन या. दोघांचे आधार, पॅन आणि फोटो न्या. काय ठरलं ते या वेळी आईने मला फोनवर सांगायचं.

तुमची,
मनीषा