प्रश्न एकाचा, उत्तर दुसऱ्याला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानवाची प्रगती आणि श्रद्धा या विषयावर आपल्या दैनिकात गेले काही आठवडे वाचकांची जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत, ती मी एकही न चुकवता वाचली. लस, वीज आणि दुर्बीण आल्यानंतर श्रद्धेला करण्यासारखे काही उरलेले नाही, असे एका बाजूचे पत्रलेखक सांगतात. प्रगतीने माणसाला सगळे दिले पण समाधान हिरावून घेतले, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्हीकडे तळमळ आहे, अभ्यासही आहे, आणि तरीही एकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यालाच दिले जात आहे असे मला प्रत्येक पत्रानंतर वाटत राहिले. माझी आई साडेतीन वर्षे डायलिसिसवर, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाल्यावर यंत्राने रक्त शुद्ध करण्याच्या उपचारावर, होती. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसत असे, आणि या विषयावरचे सर्वांत प्रामाणिक बोलणे मी तिथेच ऐकले. म्हणून हे पत्र.

ज्यांनी ते उपचार जवळून पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. हातातली रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेने जोडून फिस्च्युला तयार करतात. त्यावर बोट ठेवले की कातडीखाली सतत एक थरथर जाणवते, आणि आई रोज सकाळी उठल्याबरोबर आधी ती थरथर तपासत असे. त्या जागी दोन सुया टोचतात; एकीतून रक्त यंत्रात जाते, दुसरीतून शुद्ध होऊन परत येते, आणि एका बैठकीत साधारण १२० लिटर द्रव एका पातळ पडद्यापलीकडून वाहत जाऊन रक्तातली घाण आपल्याबरोबर नेतो. तिथले रुग्ण एकमेकांना ‘कसे आहात’ असे विचारत नाहीत. ‘आज किती पाणी काढलं?’ असे विचारतात, कारण शरीरात साठलेले जास्तीचे पाणीही यंत्रच काढते.

आईच्या उजवीकडच्या पलंगावर एक निवृत्त विज्ञानशिक्षक असत. ते पूर्ण नास्तिक, आई पूर्ण श्रद्धाळू. सुया टोचून झाल्या की ती डोळे मिटून प्रार्थना करी. पहिल्याच महिन्यात एकदा ते तिला म्हणाले, “ताई, प्रार्थनेने क्रिएटिनीन उतरत नाही.” (मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात साठणारा टाकाऊ घटक म्हणजे क्रिएटिनीन.) त्यावर आई म्हणाली, “उतरावं म्हणून मी करतच नाही, सर. त्यासाठी हे यंत्र आहे. चार तास हात हलवायचा नाही, ते चार तास मी एकटी बसत नाही, एवढंच.” सर गप्प झाले. आईच्या प्रार्थनेला ते उपचार समजत होते आणि ती उपचार म्हणून निकामी आहे हे सिद्ध करू पाहत होते. पण तो दावा तिने कधी केलाच नव्हता. मला वाटते, आपल्या स्तंभातल्या निम्म्याहून अधिक पत्रांचे उत्तर आईच्या या बोलण्यात आहे.

उलट बाजूनेही एकदा तसेच घडले. सरांनी एका दुपारी यंत्राचा इतिहास सांगितला. विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने १९४३ मध्ये, नेदरलँड्स नाझींच्या ताब्यात असताना, सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या एका फिरत्या पिंपावर गुंडाळून पहिले कृत्रिम मूत्रपिंड चालवले. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले, आणि १९४५ मध्ये एक वृद्ध स्त्री प्रथमच वाचली. आईने सगळे मन लावून ऐकले आणि विचारले, “इतकी माणसं हातातून गेल्यावरही तो थांबला कसा नाही?” सर बराच वेळ वरच्या नळीतल्या रक्ताकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “हे पुस्तकात नसतं, ताई. मीही मुलांना हे कधी विचारलं नाही.” त्या दिवसापासून त्यांचे वाद संपले असे नाही, पण ते एकमेकांना काय विचारत आहेत याची दोघेही खात्री करून घेऊ लागले.

प्रगतीने अर्थाचा प्रश्न निकालात काढला, असे लिहिणाऱ्यांनी या यंत्राचीच पुढची कहाणी पाहावी. कोल्फच्या यंत्रासाठी दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, म्हणून मूत्रपिंड कायमचे निकामी झालेल्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता. १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी वापरली, आणि ज्यांचा मृत्यू काही आठवड्यांवर आला होता ती माणसे वर्षानुवर्षे जगू लागली. परंतु यंत्रे मोजकी होती आणि रुग्ण कितीतरी अधिक. म्हणून तिथे नागरिकांची सात जणांची एक समिती नेमली गेली. तिच्यात एक वकील, एक गृहिणी, एक बँकर, एक कामगार नेता, एक सरकारी अधिकारी, एक शल्यविशारद आणि एक धर्मोपदेशक होते. सदस्यांची नावे गुप्त होती आणि रुग्ण त्यांना भेटत नसत. कागदावरून त्यांनी कोणाला जगवायचे ते ठरवायचे होते. रुग्णाचे शिक्षण किती, नोकरी कोणती, त्याच्यावर अवलंबून किती जण, चर्चशी त्याचा संबंध कसा, हे सगळे तिथे विचारात घेतले गेले.

‘माणूस कसा वाचवायचा’ याचे उत्तर मिळाले त्याच क्षणी ‘कोणाला, आणि कशाच्या आधारावर’ हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याला कोणतेही उपकरण उत्तर देत नव्हते. तेवढ्यावरून श्रद्धेच्या बाजूने विजय घोषित करण्याचेही कारण नाही. समितीत धर्मोपदेशक होते, म्हणून तिचे निकष न्याय्य झाले नाहीत. चर्चमधल्या हजेरीवर एखाद्याचे जगणे अवलंबून असावे, ही कल्पना आज कोणत्याही धर्माच्या सुज्ञ माणसाला लाज आणील. माझ्या मते समितीची चूक आस्तिकतेची नव्हती, नास्तिकतेचीही नव्हती. जगण्याच्या योग्यतेला गुण देता येतात, असे तिने मानले. आणि हेही मान्य केले पाहिजे की तो पेच कोणा तत्त्वज्ञाने सोडवला नाही. तो सैल झाला अधिक यंत्रांमुळे आणि १९७२ मध्ये अमेरिकी संसदेने या उपचारांचा खर्च बहुतेक सर्व रुग्णांसाठी सरकारवर घेतला त्यामुळे.

म्हणून आकडेवारी सांगणाऱ्यांचा मी अनादर करत नाही. दोनशे वर्षांपूर्वी जगात जन्मलेल्या १०० मुलांपैकी साधारण ४० मुले पाच वर्षांची होण्याआधी दगावत. आज ती संख्या ४ च्या आसपास आहे. श्रद्धाळू माणसाला हे ऐकून आनंद झाला नाही, तर त्याच्या श्रद्धेत दयेला जागा आहे की नाही, असा प्रश्न मला पडेल. पण ज्या आईचे मूल त्या चारांत आहे तिच्यापुढे हाच आकडा ठेवणे हे क्रौर्य आहे, कारण ती संख्या विचारत नाही. तसेच तापाने फणफणलेल्या मुलाच्या बापाला ‘सगळे ईश्वराच्या इच्छेने होते’ असे सांगून डॉक्टरपासून परत पाठवणे हेही क्रौर्यच आहे.

मतभेद ठेवून बोलता येते याचा एक नमुना आपल्यापुढे आहेच. १४ जुलै १९३० रोजी रवींद्रनाथ टागोर हे बर्लिनजवळ कापूट येथे अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या घरी गेले आणि सत्य माणसावर अवलंबून आहे का, यावर दोघे बोलले. माणूस नसला तरी सत्य असतेच, असे आइन्स्टाइन म्हणत. मानवी मनाशी ज्याचा काहीच संबंध नाही असे सत्य आपल्यासाठी नसल्यासारखेच, असे रवींद्रनाथांचे म्हणणे. आपले मत आपल्याला सिद्ध करता येत नाही, तो आपला धर्म आहे, अशी कबुली त्यात वैज्ञानिकाने दिली. दोघांपैकी कोणीही आपली जागा सोडली नाही, आणि तरी ते संभाषण आजही वाचले की प्रत्येकाने दुसऱ्याचे वाक्य पूर्ण ऐकल्याचे जाणवते.

आई गेल्यानंतर पंधरा दिवसांनी तिची फाइल आणण्यासाठी मी त्या कक्षात गेले. तिच्या पलंगावर दुसरे कोणी होते. सरांनी मला जवळ बोलावले आणि विचारले, “त्या डोळे मिटून काय म्हणायच्या?” मी त्यांना त्या चार ओळी सांगितल्या. त्यांनी त्या पुन्हा एकदा म्हणायला लावल्या, मान हलवली आणि म्हणाले, “मला हे पटत नाही, बेटा. पण इतकी वर्षं शेजारी असून मी विचारलंच नव्हतं.”

संपादक महोदय, ही चर्चा आपण थांबवू नये, अशी माझी विनंती आहे. फक्त यापुढे पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला, समोरच्या बाजूचा असा कोणता प्रश्न आहे ज्याचे उत्तर आपल्याजवळ नाही, हे आधी एका परिच्छेदात लिहायला सांगावे, आणि तो परिच्छेद जागेअभावी कापू नये.

आपली नम्र,
एक नियमित वाचक