रविवारच्या बैठकीची आठवण – विषय : ले. जनरल एस. पी. पी. थोरात

मंडळी, रविवारी सायंकाळी साडेपाचला नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय आपल्या कोल्हापूरकडचाच : ले. जनरल शंकरराव थोरात, जन्म 1906.

सँडहर्स्टचं (इंग्लंडमधली लष्करी अकादमी) शिक्षण वगैरे पाच मिनिटांत उरकू. 1945 मधल्या ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईला मात्र निवांत वेळ द्यायचा आहे. एकाच ब्रिगेडच्या तीन भारतीय पलटणी. त्यांचे प्रमुख थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं!

दुसरा प्रसंग 1953 चा, युद्धबंदीनंतरच्या कोरियातला. मायदेशी परतायला नकार देणारे 22 हजारांहून अधिक युद्धकैदी थोरातांच्या भारतीय दलाच्या ताब्यात होते. त्यातल्या चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं, तेव्हा थोरात स्वतः त्या जमावात शिरले आणि गोळीबार न करता त्याला सोडवून आणलं. मला विचाराल तर हे कांगॉपेक्षाही अवघड.

पूर्व कमांडचे प्रमुख असताना त्यांनी चीनबद्दल दिलेल्या इशाऱ्यावर वाद होणारच. तो शेवटी ठेवू, नाहीतर गेल्या वेळेसारखं 1962 मध्येच अडकून पडू.

येताना नकाशाची घडी कुणाकडे राहिली आहे ती आणा. चहा आहे, खुर्च्या कमी आहेत.