चपला काढण्याचे सीमाशुल्क

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जपानच्या सहलीवर लेख होता. फोटो छान होते. मजकुरात मात्र एक वाक्य असं होतं : ‘घरात प्रवेश करण्यापूर्वी पादत्राणे काढणे हे तेथील महत्त्वाचे सीमाशुल्क आहे.’ मी दोनदा वाचलं, मग बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘म्हणजे चपला काढायचे पैसे घेतात?’

मूळ इंग्रजीत रीत या अर्थाने ‘कस्टम’ असणार, ते यंत्राच्या हवाली केलं असणार आणि छापण्याआधी कुणी वाचलं नसणार. चूक कोणाची हे धुंडाळायला हे पत्र नाही. माझी नोकरी जिल्हा न्यायालयात भाषांतराच्या टेबलावर गेली. या एका शब्दाने मला जितकं छळलं तितकं एखाद्या वकिलाच्या अक्षरानेही छळलं नाही, म्हणून लिहितो आहे.

यंत्र अगदीच बिनबुडाचं बोललं नाही, हेही सांगायला हवं. ‘कस्टम’चं मूळ लॅटिन, अंगवळणी पडलेली गोष्ट असा त्याचा अर्थ. भाषाशास्त्रज्ञ त्या धातूचं नातं ऋग्वेदातल्या ‘स्वधा’पर्यंत नेतात, जिथे त्याचा एक अर्थ आपला स्वभाव, आपली रीत असा आहे. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि मालाची ने-आण करताना राजाला जे द्यायची वहिवाट होती, तिलाही तेच नाव मिळालं. १२१५च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेल्या सनदेत, व्यापाऱ्यांकडून ‘जुन्या आणि रास्त’ रिवाजाप्रमाणेच घ्यावं, जुलमी पट्ट्या बसवू नयेत, असं कलम आहे. पुढे १२७५ साली पहिल्या एडवर्डने बाहेर जाणाऱ्या लोकरीच्या दर गोणीवर सहा शिलिंग आठ पेन्स बसवले. त्या कराला नंतर नाव पडलं ‘प्राचीन कस्टम’. बसवला तेव्हा नवाकोरा, नाव मात्र प्राचीन. सरकारं तेव्हाही हुशारच होती.

आपल्याकडे वेगळं काय झालं? फारसी ‘दस्तूर’ म्हणजे रीत, आणि रीतीप्रमाणे द्यायचं ते ‘दस्तुरी’. खानसामा बाजारहाट करताना मधल्या मध्ये जे स्वतःकडे ठेवायचा, त्याला कंपनी सरकारच्या काळातले साहेबलोकही दस्तुरीच म्हणत. (हल्ली तिला दुसरी नावं आहेत. ती इथे लिहीत नाही.) म्हणजे रीत आणि रीतीचा पैसा एकाच शब्दात नांदणं हे आपल्याला परकं नाही. परकं आहे ते चपलांवर शुल्क बसवणं.

‘कस्टमर’ही त्याच घरातला. कस्टमर म्हणजे सवयीने त्याच दुकानी येणारा. आपलं गिऱ्हाईक मात्र ‘ग्राहक’, म्हणजे घेणारा. आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. भवानी व्हायची असते, मग तो जुडीमागे दोन रुपये सोडतो. दुपारी बारा वाजता तोच गोणपाटावर पाणी मारता मारता म्हणतो, ‘आज गिऱ्हाईकीच नाही.’ ब्रिटिश दुकानांत ‘थँक यू फॉर युअर कस्टम’ अशी पाटी असते. त्या कस्टमला या भाजीवाल्याच्या ‘गिऱ्हाईकी’पेक्षा नेमका शब्द मला आजवर मिळालेला नाही. आमच्या टेबलावर एकदा एका व्यापारी दाव्याचे कागद आले होते. शेजाऱ्याने दुकानाची वाट अडवल्यामुळे ‘लॉस ऑफ कस्टम’ झाला, अशी तक्रार. नव्याने लागलेल्या मुलाने मराठी केलं, ‘वादीच्या प्रथेचे नुकसान झाले.’ वादी किराणा दुकानदार होता.

‘कस्टम-मेड’चं फार काही नाही. शिंप्याकडे माप देऊन शिवलं की झालं, त्याला ‘सानुकूलित’ कशाला म्हणायचं कोण जाणे. ‘कॉस्च्यूम’ हा मात्र ‘कस्टम’चा सख्खा भाऊ. इटालियनमधून फिरून आल्यामुळे इंग्रजीत तो अंगावरच्या कपड्यांपुरता उरला. पोर्तुगीजमध्ये त्याच मुळातला ‘कोस्तुमिश’ अजूनही चालीरीतीच सांगतो. १८८० साली पोर्तुगीज सरकारने गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीती मान्य करणारा हुकूमनामा काढला, त्यात हाच शब्द आहे. त्याचं भाषांतर कुणी यंत्राकडे सोपवलं, तर गोव्यातल्या हिंदूंच्या वेशभूषेचा हुकूमनामा हाती यायचा.

आता कायद्यातलं कस्टम. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं तारुण्य यात गेलं.

संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दात, कायद्याचं बळ असलेली रूढीसुद्धा धरली आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात रूढीची व्याख्या आहे : एखाद्या भागात, जमातीत, समाजात, गटात किंवा कुटुंबात दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखा पाळला गेल्यामुळे कायद्याचं बळ आलेला नियम. तो निश्चित हवा, अवाजवी नको, सार्वजनिक धोरणाविरुद्ध नको. याच व्याख्येच्या आधारावर मामाच्या मुलीशी लग्न टिकतं, आणि याच कायद्याच्या कलम २९ने रूढीप्रमाणे होणारी काडीमोड शाबूत ठेवली. त्याच्या कितीतरी आधी, १८६८ साली, प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टाने, मदुरा कलेक्टरच्या खटल्यात सांगितलं होतं की हिंदू कायद्यात वहिवाटीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो ग्रंथातल्या लेखी वचनापेक्षा भारी ठरतो. ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ हे आपल्याकडे ओसरीवर बसून म्हणत. तेच लंडनला इंग्रजीत म्हणायला मोठी फी पडली असणार.

असाच एक जमिनीचा दावा अपिलात गेला आणि साक्षींचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आलं. प्रश्न इतकाच, की मयताच्या दुसऱ्या बायकोचं आधीचं लग्न काडीमोड होऊन सुटलं होतं का, आणि मग पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागला का. साक्षीला सत्तरीची एक म्हातारी. न्यायाधीशांनी तिची उत्तरं तिच्याच शब्दांत उतरवून घेतली होती. वकिलांनी विचारलं, ‘आपल्या समाजात काडीमोडाची प्रथा अस्तित्वात आहे काय?’

‘पर्था म्हंजी?’

‘नवरा-बायकोचं पटलं नाही तर काय करतात?’

‘काय करत्यात? पंच बसत्यात, काडी मोडत्यात, बाई मोकळी.’

‘हे कधीपासून?’

‘माझ्या आजेसासूची बी तशीच मोडली हुती. त्याच्या आदीचं मला काय ठावं? चालत आलंय.’

या ‘चालत आलंय’चं मी झटक्यात ‘इट इज द कस्टम’ करून टाकलं. तपासणाऱ्या वरिष्ठांनी ते लाल शाईने खोडलं आणि बाजूला लिहिलं, ‘ती असं म्हणाली का?’ मला तेव्हा राग आला होता. पण बरोबर त्यांचंच होतं. ती कस्टम आहे की नाही हे कोर्टाने ठरवायचं. म्हातारीने फक्त काय चालतं आणि तिच्या डोळ्यादेखत किती पिढ्या चालतं ते सांगितलं. मी कस्टम तसंच ठेवलं असतं तर निकाल साक्षीदाराच्याच तोंडी गेला असता. ते वाक्य मी नंतर चार वेळा लिहिलं. अखेर गेलं ते साधं, जवळजवळ बोबडं इंग्रजी होतं.

वर्तमानपत्रांच्या मराठीत मात्र या शब्दाची वाटणी फारच सोयीची झाली आहे. आवडलं तर ‘परंपरा’, नावडलं तर ‘प्रथा’, मोडून काढायचं असलं तर ‘रूढी’ आणि त्याआधी ‘अनिष्ट’. वारी ही परंपरा, हुंडा ही प्रथा. ‘वारीची प्रथा’ असं लिहून बघा, वारकरी मोर्चा आणतील. कोशात हे शब्द समानार्थी दिसतात, म्हणून भाषांतर करणारा हाताला येईल तो उचलतो आणि परक्या देशातल्या माणसांना न कळत शिव्या तरी देतो किंवा आरती तरी ओवाळतो. इंग्रजी कस्टमला असा वास नाही. त्याच्या जवळची आपल्याकडची बिनवासाची माणसं म्हणजे चाल, रीत, पद्धत, शिरस्ता, वहिवाट. त्यांतही शिरस्ता कचेरीचा, वहिवाट बांधावरची आणि रीत लग्नघरातली. पायंडा तर कालपरवा पडलेलासुद्धा असू शकतो.

आणि घरात? घरात आपण नाम वापरतच नाही. ‘आमच्याकडे असं असतं’ म्हणतो. गौरीला कुणाकडे पुरणपोळी, कुणाकडे घावन-घाटलं, कुणाकडे चक्क मटणाचा नैवेद्य. नवी सून पहिल्या वर्षी ‘तुमच्याकडे कसं असतं?’ एवढंच विचारते. ‘आपली प्रथा काय?’ असं विचारलं तर सासू थर्मामीटर शोधेल. आमची आजी म्हणायची, कुळाचारात एकदा खंड पडला की तो गेला. हिंदू विवाह कायद्यातही नेमकं तेच आहे : एखाद्या कुटुंबापुरती रूढी असेल तर त्या कुटुंबाने ती मधेच सोडून दिलेली नसावी. आजी तिसरी शिकलेली होती.

तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल, तर कृपा करून ‘सीमाशुल्क’च्या जागी ‘प्रथा’ छापू नका. ‘जपानमध्ये घरात चपला-बूट घालून जात नाहीत’ एवढं पुरे. जागाही वाचेल.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन भाषांतरकार, सातारा