गच्चीवरचे ऊन, दारातली गाडी : अण्णांना एक अनावृत आभारपत्र

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

कराडच्या आमच्या घराच्या गच्चीवर सौर पॅनल बसले, अंगणात विजेवर चालणारी मोटार आली आणि या दोन्हींचा मेळ आता उत्तम बसला आहे. याचे श्रेय आपले आहे, हे समक्ष सांगू लागले की आपण विषय बदलता. म्हणून सर्वांना वाचता येईल असे हे पत्र लिहीत आहे. आपले नाव कोठेही येऊ नये ही आपली अट मी पाळली आहे. परंतु उभी नोकरी विजेच्या खांबांवर केलेला एक माणूस निवृत्तीनंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी किती मनापासून झटतो, हे लोकांना कळायलाच हवे, असे मला वाटते.

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आली आणि आमच्या गल्लीत सर्वत्र सौर ऊर्जेचीच चर्चा सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्यासाठी 18,000, असे तीन किलोवॉटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते, हे तोवर सर्वांना तोंडपाठ झाले होते. आमच्याकडे एक विक्रेता मे महिन्यात गच्ची पाहून गेला. सर्वत्र लख्ख ऊन होते, सावलीचा मागमूस नव्हता. पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला लागूनच पॅनल बसवू आणि बिल शून्यावर आणू, असे त्याने सांगितले. कागदावर सही करण्यापूर्वी आपल्याला एकदा विचारावे, असे सासूबाईंनी सुचवले आणि आपण त्याच संध्याकाळी आलात.

आपण गच्चीवर येऊन पहिला प्रश्न विचारलात तो टाकीच्या उंचीचा. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवसही याच महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात असतो; त्यामुळे या दिवसांत गच्ची पाहून सावलीचा निर्णय करायचा नसतो, हे आपण आम्हाला समजावलेत. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कलतो. तेव्हा सहा फुटांच्या टाकीची सावली दुपारीसुद्धा पाच फुटांवर जाते आणि सकाळी साडेनवाच्या सुमारास दहा फुटांच्या पुढे पसरते. खिशातला खडू काढून आपण ती न पडलेली सावली गच्चीच्या फरशीवर आखलीत, आणि विक्रेत्याने दाखवलेली निम्मी जागा त्या रेघेच्या आत आली. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली पडली तर साऱ्या माळेचे उत्पादन खाली येते, हेही आपण तेव्हाच सांगितलेत. शेवटी पॅनल गच्चीच्या उत्तर भागात, थोड्या उंच सांगाड्यावर, दक्षिणेकडे तोंड करून बसले. पुढे डिसेंबरात मी मुद्दाम सकाळी वर जाऊन पाहिले, तेव्हा टाकीची सावली पहिल्या पॅनलच्या वीतभर अलीकडे थांबली होती.

अण्णा, एवढ्यावरच आपण थांबला असतात तरी आमचे काम झाले असते. परंतु आपण खाली उतरून मीटरचा बोर्ड उघडलात. घर सासऱ्यांच्या काळातले, वायरिंगही त्याच काळातले. मोटारीसोबत येणारा साधा चार्जर सुमारे 3.3 किलोवॉट वीज घेतो. म्हणजे चौदा-पंधरा अँपिअरचा प्रवाह, आणि तोही तासन्तास. इस्त्री किंवा गिझर थोडा वेळ चालतो आणि बंद होतो, गाडी मात्र सहा-सात तास सलग वीज ओढते, म्हणून जुन्या पॉइंटवर ती लावायची नाही, हा आपला शब्द आम्ही प्रमाण मानला. मीटरपासून थेट अंगणापर्यंत चार स्क्वेअर एमएमची तांब्याची स्वतंत्र वायर, तिच्यासाठी वेगळा एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी, औद्योगिक वापराचा जाड सॉकेट आणि मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज, एवढे सारे झाल्याशिवाय आपण गाडीचे बुकिंगसुद्धा करू दिले नाहीत. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावलेली दिसली तर पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही, असे आपण माझ्या यजमानांना बजावलेत. आपला आवाज चढलेला मी तेवढ्या एकाच वेळी ऐकला.

अर्थिंगच्या बाबतीत तर आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहिलात. पॅनलकडून येणाऱ्या डीसी विजेच्या बाजूसाठी एक, घराला जाणाऱ्या एसी विजेच्या बाजूसाठी एक आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या लायटनिंग अरेस्टरसाठी एक, असे तीन स्वतंत्र खड्डे हवेत. बसवायला आलेल्या मुलांनी दोनच खणले होते आणि तिसरी पट्टी दुसऱ्यालाच जोडून देतो म्हणत होते. आपण त्यांना रागावला नाहीत. आकाशातली वीज पडली तर तिने ज्या वाटेने जमिनीत जायचे, त्याच वाटेवर घरातला फ्रिज आणि पंखा जोडून ठेवायचा का, एवढेच आपण विचारलेत, आणि त्या मुलांनी मुकाट्याने पहार उचलली. खड्डे भरून झाल्यावर आपण मीटर लावून रोध मोजलात. तिन्ही ठिकाणी तो पाच ओहमच्या आत आल्यावरच आपण चहाचा कप हातात घेतलात.

सर्वांत मोठे ऋण मात्र याहून वेगळे आहे. पॅनल सुरू झाल्यानंतर काही दिवसांतच भर दुपारी लाइन गेली आणि लख्ख ऊन असताना आमचे घर बंद पडले. सासूबाई गोंधळल्या, यजमान वैतागले. आपण आलात आणि ओसरीवर बसून शांतपणे उलगडा केलात. पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारा आणि ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडलेला इन्व्हर्टर ग्रिडचा पुरवठा जाताच स्वतःला बंद करतो, तो बिघाड नसून त्याचा धर्म आहे. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या माणसाच्या हातात एखाद्या गच्चीवरून उलटी वीज आली तर काय होते, हे आपण सांगू लागलात, आणि मध्येच थांबलात. आपण कोणाची आठवण काढत होतात हे आम्ही विचारले नाही. त्या दिवसापासून लाइन गेली की या घरात कोणी कुरकुर करत नाही. कोणीतरी खांबावर आहे, एवढेच सासूबाई म्हणतात. दिवे-पंख्यांपुरता बॅटरीवरचा वेगळा इन्व्हर्टर आमच्याकडे पूर्वीपासून आहे आणि तेवढा आम्हाला पुरतो.

आपण आम्हाला एकही गोष्ट वाढवून सांगितली नाहीत, याबद्दल मी विशेष कृतज्ञ आहे. तीन किलोवॉटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला साधारण बारा युनिट देतो, आणि आषाढ-श्रावणात कराडवर ढग बसले की त्याच्या निम्मेही मिळण्याची खात्री नसते, हे आपण आधीच सांगून ठेवले होते. माझे महाविद्यालय पाटणला, सकाळच्या सत्रात. जाऊन-येऊन सुमारे सत्तर किलोमीटर होतात आणि एका युनिटमागे गाडी सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासाला दहा-अकरा युनिट लागतात. दिवसभराचे ऊन जवळजवळ सारे गाडीलाच लागणार, मग घराचे काय, हा हिशेब आपण वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडून दाखवलात आणि बिल शून्य होणार नाही, असे स्पष्ट सांगितलेत. तसेच झाले. कॉलेजच्या दिवसांत आम्हाला थोडे बिल येते, उन्हाळ्याच्या सुट्टीत युनिट शिल्लक पडतात. पण याच अंतरासाठी रोज साडेचारशे-पाचशे रुपयांचे पेट्रोल जळत असे, तो खर्च संपला, आणि आपल्या हिशेबाचा सारा भर त्यावरच होता.

मी दुपारी दीडच्या सुमारास घरी पोहोचते. गाडी तापलेली असते, तिला अर्धा तास सावलीत विसावा द्यायचा आणि मग चार्जिंगला लावायची, हे आता अंगवळणी पडले आहे. त्या वेळी पॅनल दोन-अडीच किलोवॉट देत असतात, गाडी तीनच्या वर घेत असते, उरलेली वीज ग्रिडमधून येते. सकाळी जी वीज आम्ही ग्रिडला दिलेली असते, तीच महिन्याच्या हिशेबात वजा होते. नेट मीटरवरचे आयात आणि निर्यातीचे दोन आकडे कसे वाचायचे, दर महिन्याला ते वहीत कसे टिपायचे आणि 31 मार्चला शिल्लक युनिटचा हिशेब कसा मिटतो, हे आपण माझ्या मुलीला इतके नीट शिकवलेत की बिलाची पडताळणी आता तीच करते.

रात्री सात ते दहाच्या दरम्यान शक्यतो गाडी लावू नये, असेही आपण सांगितले होते. त्याचे कारण पाटणच्या रस्त्याने जाताना मला रोज आठवते. त्या रस्त्याच्या कडेने कोयना वाहते. 1,960 मेगावॉट क्षमतेच्या कोयना प्रकल्पाची जनित्रे संध्याकाळी मागणी वाढली की धरणाच्या पाण्यावर फिरतात. दुपारचे ऊन गच्चीवर असताना ते पाणी आपण कशाला खर्ची घालायचे, हे आपले म्हणणे मला पूर्ण पटले. या खोऱ्यातल्या माणसाच्या तोंडीच असा विचार येऊ शकतो.

गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या धुराड्यांतून येणारी काजळी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, ती पॅनलवरही पडणार, हे कोणत्याही विक्रेत्याने सांगितले नव्हते. आपण सांगितलेत, आणि उपायही दिलात. पहाटे, पॅनल थंड असताना, बांबूला मऊ फडके बांधून पुसायचे. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचे नाही, साबण आणि घासणी लावायची नाही. बोअरचे पाणी वापरले तर क्षारांचा पांढरा थर बसतो, म्हणून नळाचेच पाणी घ्यायचे. दिवाळी ते होळी हा क्रम आम्ही पाळतो. काजळीचा थर पुसण्याआधीच्या आणि नंतरच्या उत्पादनात किती फरक पडतो, ते मोबाइलवर दिसतेच. पण बादलीत उतरलेले काळे पाणी पाहिले की अधिक लवकर पटते.

या साऱ्याबद्दल आपण मानधन घेतले नाहीत. मीटर आणि हत्यारे आपली, स्कूटर आपली, भर दुपारच्या फेऱ्याही आपल्याच. मी एक शिक्षिका आहे, आणि समोरच्याला कळेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगण्याची आपली चिकाटी पाहून मला माझ्या वर्गातही अधिक धीर धरावासा वाटतो. अनुदान आले, पॅनल आले, गाडी आली; ती पैसे असलेल्या कोणाकडेही येतील. पण आमच्या भिंतीतली वायर हातात धरून, ही चालणार नाही, असे आम्हाला निर्भीडपणे सांगणारा माणूस मिळाला, हे आमचे भाग्य. त्याबद्दल आमच्या घरातील प्रत्येकाच्या वतीने मी आपले मनापासून आभार मानते.

आता एक विनंती. जमीन कोरडी झाली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून तो उन्हाळ्यात एकदा मोजून पाहावा, असे आपणच सांगितले होते. येत्या एप्रिलमध्ये, आपल्या सोयीच्या दिवशी, मीटर घेऊन यावे आणि दुपारच्या जेवणाला थांबावे. समोरच्या घरी विजेची स्कूटर येणार आहे आणि मागच्या बाजूच्या कुटुंबाने सूर्यघर योजनेचा अर्ज भरला आहे. त्या दोघांनाही आधी आपापल्या घरचे वायरिंग आपल्याला दाखवायचे आहे. त्यांना मी इतकेच सांगून ठेवले आहे की अण्णा येऊन पाहीपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नये.

आपली कृतज्ञ,
कराडची एक शिक्षिका आणि कुटुंबीय