गडचिरोलीला रुजू होण्याआधी

चंद्रपूर
१० जून २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गडचिरोलीच्या विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत वकील पुरवणाऱ्या संस्थेच्या, वकिलांच्या पॅनेलवर तुझं नाव लागलं, अभिनंदन. पुण्यातली तुझी पद्धत तिकडे जशीच्या तशी चालायची नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. फोनवर सांगितलं असतं तर निम्म्यातच तू "कळलं, कळलं" म्हणाला असतास.

भामरागड, एटापल्लीकडचे तुझे बरेचसे अशील माडिया आदिवासी असतील, त्यांची भाषाही माडियाच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. तेव्हा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कुणाला तहसीलचे खेटे घालायला लावू नकोस. जातीचा दाखला हाताशी नसला आणि माणूस कोठडीत असला, तर कोठडीतला म्हणूनही तो त्याच कलमात बसतो.

सगळ्यात आधी दुभाष्या बघ. ठाण्यातला शिपाई, वनरक्षक किंवा फिर्यादीच्या गावचा माणूस कितीही अस्खलित माडिया बोलत असला तरी नको. तो शेजारी बसला की अशिलाचं तोंड बंद होतं. सख्खा भाऊही शक्यतो टाळ. भाऊ सांगत नाही, स्वतःच उत्तर देतो. आश्रमशाळेतले शिक्षक, पलीकडच्या गावची आशाताई, कॉलेजात शिकणारी मुलं यांतली दोन-तीन माणसं हेरून ठेव. बसताना तुझं तोंड अशिलाकडे हवं, दुभाष्या बाजूला. "त्याला विचार की..." असं न म्हणता थेट "तू कुठे होतास?" असं विचार, दुभाष्यानेही "तो म्हणतो" न लावता "मी शेतावर होतो" असंच सांगायचं. एका वेळी एकच वाक्य. अशील दोन मिनिटं बोलला आणि दुभाष्याने "नाही म्हणतोय" एवढ्यावर उरकलं, तर तिथेच थांब आणि सगळं तुकड्यातुकड्याने परत घे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मधलं वकिलाचं गोपनीयतेचं बंधन दुभाष्यालाही लागू आहे. हे त्याला अशिलाच्या देखत सांग, म्हणजे एक जपून वागतो आणि दुसरा मोकळा होतो.

आता "हो"चं. काळा कोट घातलेल्या माणसाने विचारलं की पुष्कळजण हो म्हणून मोकळे होतात. त्यात भीती असते, अदब असते, आणि एकदाचं सुटावं हेही असतं. "त्या रात्री गावातच होतास ना?" हो. "मग बाजाराला गेला होतास ना?" तरी हो. अशी दोन विसंगत उत्तरं टिपणात गेली की उलटतपासणीची बांधणी ढासळते, आणि आपण मात्र अशील खोटं बोलतो असं धरून चालतो. "ना" लावलेला प्रश्नच विचारू नकोस. अंधार पडला तेव्हा कुठे होतास, सोबत कोण होतं, जेवण कुणी रांधलं, असं विचार. तो गप्प बसला तर तूही गप्प बस. ही शांतता तुला जड जाईल, कारण तुला बोलल्याशिवाय राहवत नाही!

तारीख विचारून तारीख मिळत नाही. मोहफुलं वेचण्याआधी की नंतर, तेंदूपत्ता चालू होता का, रोवणी झाली होती का, आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी की दुसऱ्या दिवशी, असं विचारत ये. मोह मार्च-एप्रिलचा, तेंदू मुख्यतः मे महिन्याचा, रोवणी पाऊस लागल्यावर. एवढ्यावरून आठवडा निघतो, मग कागद शोध: तेंदू संकलन केंद्रावरची पुड्यांची नोंद, रोजगार हमीचं हजेरीपत्रक, रेशन दुकानातल्या मशिनवरचा अंगठा, आरोग्य केंद्राचा केसपेपर. घटनेच्या दिवशी माणूस दुसरीकडे होता हे दाखवायला असा एक कागद चार नातेवाईक साक्षीदारांपेक्षा जड भरतो.

वयाचंही तसंच. आधारवर १ जानेवारी दिसली की ती अंदाजाने घातली असेल असं समजून चाल. आरोपी अठराच्या आतला वाटला तर जामिनाच्याही आधी आश्रमशाळेचं जनरल रजिस्टर (प्रवेशाची नोंदवही) गाठ. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ मध्ये शाळेचा दाखला पहिला, मग स्थानिक संस्थेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी.

अशील "गावाला विचारून सांगतो" म्हणाला तर वैतागू नकोस. गायता (गावाचा पारंपरिक प्रमुख) आणि जाणती माणसं बसल्याशिवाय तो तडजोडीला किंवा अपिलाला होकार देणार नाही, आणि दडपणाखाली दिलाच तर टिकणार नाही. त्यांना बोलाव, खटला कुठवर आलाय ते सगळ्यांसमोर सांग. घटनेची हकिकत मात्र अशिलाकडून एकट्यानेच घ्यायची. वारसाच्या दाव्यात ही मंडळी लागतातच: हिंदू उत्तराधिकार अधिनियम कलम २(२) मुळे अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे पुण्यातला दाव्याचा तयार नमुना तिथे काढलास तर पहिल्याच परिच्छेदात चुकशील. तिथे जमातीची रूढी चालते; ती दाव्यात स्पष्ट मांडावी लागते आणि पुराव्याने सिद्ध करावी लागते.

कोर्टात साक्ष मराठीत चालली असेल आणि आरोपीला ती कळत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्याच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम ३१४ खाली ती त्याला समजणाऱ्या भाषेत सांगायची मागणी लेखी कर आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंद करून घे. कलम ३५१ खाली न्यायालय आरोपीचा जबाब घेतं, त्याला तर फार जप. पुराव्यातला एकेक मुद्दा प्रश्न होऊन येतो आणि घाबरलेला माणूस सरसकट मान डोलावतो. प्रश्न काढताना न्यायालय दोन्ही वकिलांची मदत घेऊ शकतं; त्या आधाराने यादी आधी माग आणि आदल्या दिवशी दुभाष्यासह एकेक प्रश्न समजावून दे.

जामीन मंजूर होऊनही माणूस आत राहतो, कारण स्थानिक जामीनदार मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात स्थानिक जामीनदाराची अट घालू नये असं सुचवलंय, आणि महिन्याभरात बंधपत्र भरता आलं नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. तो आदेश अर्जाला जोडूनच दे.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशील तारखेला न आल्याने वॉरंट निघतं आणि जामीन धोक्यात येतो. तेव्हा पावसाळ्यातल्या तारखांची यादी आताच काढ, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५५ च्या गैरहजेरी माफीच्या अर्जाचा मसुदा करून ठेव, आणि प्रत्येक अशिलाच्या गावातला फोन लागणारा एक माणूस वहीत लिहून घे.

वहिनींना नमस्कार. मच्छरदाणी विसरू नकोस.

तुझा,
विनायक